न छापलेले पर्याय

१

बान सरांच्या टेबलाचा खालचा खण कोणीतरी उचकटला होता, आणि ते सरांच्या लक्षात आलं ते भूगोलाची परीक्षा होऊन गेल्यावर. म्हणजे वरातीमागून घोडं. कुलपाभोवती पट्टीने खरवडल्यासारखे ओरखडे होते. आत प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा होता. तो सर नेहमी पालथा ठेवत. आता तो उताणा पडला होता.

"फोटो काढून परत ठेवलाय कोणीतरी," बान सर म्हणाले. त्यांच्या हातातल्या कॉफीच्या कागदी कपाचा पार चुरगळा झाला होता.

उपमुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीचं दार आतून लावून घेतलं. दारावर बाहेरून लाल अक्षरांतली पाटी अजून तशीच होती: परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांना प्रवेश बंद. ही पाटी लागली की आमच्या शाळेत पोरं दारातूनच हाक मारतात, उंबऱ्याच्या आत अंगठासुद्धा ठेवत नाहीत.

"मग आत आलं कोण?" उपमुख्याध्यापकांनी विचारलं.

 बान सरांचे कान लाल झाले.

"मीच बोलावलं होतं," ते अखेर म्हणाले. "सफाईच्या पाळीवरच्या तिघांना. कचऱ्याची टोपली नूडल्सच्या कपांनी ओसंडून वाहत होती हो! वास मारत होता. पाचदहा मिनिटांचं काम. त्यात मी खाली छपाईच्या खोलीत गेलो."

या माणसाला धुळीचा कण चालत नाही, पण नियम मोडलेला चालतो. मला इतकी चीड आली की मी खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

ते तिघे होते दुसऱ्या वर्षाचे. वर्गात कायम पहिला येणारा दोहू. वर्गात कायम झोपणारा हुइचान. आणि चेरिन, जी रोज शाळा सुटल्यावर माझ्या ग्रंथालयात शेवटच्या टेबलाशी येऊन बसते. मी इथली ग्रंथपाल, प्यो. पोरं मला 'प्यो बाई' म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

उपमुख्याध्यापकांनी संगणकावर तिघांचे गुण काढले आणि टेबलावर हात आपटला.

"हे बघा! चेरिनचे पर्यायांचे सगळेच्या सगळे प्रश्न बरोबर. दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या पोरांत असे एकीचेच. आणि लिहायचे प्रश्न? सगळे कोरे. एक ओळ नाही! म्हणजे काय? पर्यायांचे आकडे पाठ केले, डोक्यात शून्य. आणखी काय पुरावा पाहिजे?"

शुक्रवारी शिस्त समिती बसवायचं ठरलं. दोषी ठरली तर भूगोलात शून्य, आणि नर्सिंग कॉलेजसाठी शाळा तिची शिफारस पाठवणार होती ती रद्द. चेरिनसाठी शिफारशीशिवाय ते दार उघडणार नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळ्यांनी माना हलवल्या.

समितीत मीही होते. मी मान हलवली नाही. जिन्यात जाऊन मी गुक बाईंना फोन लावला.

२

गुक बाई इथल्याच जुन्या शिक्षिका, निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या देशात राष्ट्रीय परीक्षेचे पेपर काढायला शिक्षकांना महिनाभर कुठेतरी डोंगरात कोंडून ठेवतात. फोन नाही, घरच्यांचं तोंड नाही, आतला कचरासुद्धा तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. गुक बाई तशा एकदा नाही, चांगल्या तीनदा कोंडून घेऊन आल्या. दर वेळी त्यांच्या नवऱ्याला वाटायचं की या वेळी ही पळून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हातात भाजलेल्या चेस्टनटची पिशवी घेऊन. ग्रंथालयात खाणं मना आहे. त्यांनी माझ्याच टेबलावर सालं काढायला सुरुवात केली.

"तू अशी येरझाऱ्या का घालतेस गं? बस की."

"बसवत नाही. परवा शुक्रवार आहे, बाई!"

"शुक्रवार तू फिरलीस म्हणून लांबणार आहे का? ते पोरीचे कागद दे."

चेरिनची प्रश्नपत्रिका तिच्याकडेच होती, तशी सगळ्यांच्याच घरी जाते. ती मी मागवून घेतली होती. प्रत्येक प्रश्नाखाली चुकीच्या पर्यायांवर तिरप्या रेघा होत्या, समासात बाण, नकाशाची चित्रं, एका ठिकाणी "हे कसं शक्य आहे?" असं चिडून लिहिलेलं.

"ज्याला उत्तरं आधीच माहीत असतात तो इतका घाम गाळत नाही," गुक बाई म्हणाल्या.

"उपमुख्याध्यापक म्हणतात, देखावा करायला नंतर घरी काढल्या रेघा."

"त्यांना म्हणावं, तुम्ही वकील व्हायचं होतंत. पोरीला बोलाव."

चेरिन आली. बारीक, केस मागे घट्ट ओढलेले. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"खण तू उघडलास?"

"नाही."

"मग लिहायचे प्रश्न कोरे का सोडलेस?"

"येत नव्हते."

"उदेगीचाही नाही? उल्लुंगदो बेटावरच्या घरांना बाहेरून ती जादा भिंत असते, ती का असते? हे तर पुस्तकात चित्रासकट दिलंय."

"येत नव्हतं म्हटलं ना, बाई."

"बरं. हेच पर्यायात असतं तर?"

"तर आलं असतं," चेरिन पटकन म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने ओठ चावला.

 हे वाक्य समितीसमोर बोलली असती तर तिथेच तिचा निकाल लागला असता.  गुक बाईंनी चेरिनची लेखी उत्तरांची कोरी पानं उचलली, खिडकीशी नेली आणि उन्हात तिरपी धरली.

"प्यो," त्या हळूच म्हणाल्या, "हा कागद कोरा नाही गं."

३

कागदावर दाबून लिहिल्याचे चर होते. आमची पोरं लेखी उत्तर आधी पेन्सिलीने लिहितात, मग वरून शाईचं पेन फिरवतात. इथे पेन्सिलीने भरपूर लिहिलं होतं आणि मग खोडरबराने घासून घासून पुसलं होतं. 'बर्फ' एवढा शब्द वाचता आला, पुढचं नीट लागेना.

"तू लिहिलंस आणि पुसलंस," गुक बाई म्हणाल्या.

"पुसायला बंदी आहे का?"

"नाही. पण का पुसलंस?"

चेरिनच्या डोळ्यांत पाणी आलं; मग तिने मान वाकवून नमस्कार केला आणि निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बघा!" मी म्हटलं. "मी तिला रोज बघते. तिला येतं सगळं. पण समितीला काय सांगू, की कागद उन्हात धरून बघा?"

"काही सांगू नकोस. आधी बान सरांकडे जाऊ. पेपर काढणाऱ्याला आपला पेपर किती कळला ते बघू."

बान सर पेपर तपासत बसले होते. गुक बाईंना पाहून ते ताडकन उभे राहिले. कधीकाळी बाईंनीच सरांना शिकवलं होतं.

"सर, पोरं कशी लिहितात हल्ली?"

"कशी लिहिणार, बाई! बहुतेकांना पर्याय दिले की वाघ, लिहायला सांगितलं की शेळी. पण एकदोन रत्नं असतात. हे ऐका, दोहूचं. उदेगीवरचं." बान सरांचा आवाज भरदार आहे आणि त्यांना तो स्वतःला फार आवडतो. हातभर लांब कागद धरून त्यांनी वाचलं: "'उदेगी ही रानटी जनावरांना अडवण्यासाठी नाही, उन्हाळ्यातल्या दमट हवेपासून बचावासाठी नाही, शेजाऱ्यांची नजर चुकवण्यासाठी नाही, किंवा माकुळं सुकवायला आडोसा म्हणूनही नाही. हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडल्यावर घराच्या आतल्या आत वावरता यावं म्हणून ती बांधत.' वा! सगळ्या बाजूंनी विचार केलाय पोराने. उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे."

"वर्गात वाचून दाखवता वाटतं?"

"नेहमीच. चांगलं असो वा विनोदी."

"विनोदीसुद्धा?"

"हसतखेळत शिक्षण, बाई." बान सर हसले.

गुक बाई हसल्या नाहीत. "दोहू मूळचा कुठला? उल्लुंगदोचा?"

"छे! जन्मात बोटीत बसला नसेल. बोट लागते त्याला. मागच्या सहलीलाही आला नाही."

"बरं बरं," म्हणत गुक बाईंनी एक चेस्टनट तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसल्या. मला वाटलं, वय झालं आता बाईंचं. हातातला वेळ असा चावण्यात घालवतात का?

तेवढ्यात बान सर म्हणाले, "पण एक विचित्र गोष्ट आहे. त्या झोपाळू हुइचानलासुद्धा या प्रश्नाला पूर्ण गुण पडलेत."

४

हुइचानला कँटीनमधून शोधून ग्रंथालयात आणावं लागलं. परीक्षेच्या दिवशी कँटीनवाल्यांनी चुकून समुद्रशेवाळाचं सूप केलं होतं. निसरडं खाऊन मार्क घसरतील म्हणून अख्ख्या शाळेने वाट्या तशाच ठेवल्या होत्या, आणि हा एकटा दोन वाट्या प्यायला होता. तेव्हापासून स्वयंपाकवाल्या बायकांचा लाडका झाला होता.

"मला पकडलंत का?" आल्या आल्या त्याने दोन्ही हात पुढे केले.

"पकडण्यासारखं काही केलंस का?"

"काहीच करत नाही मी, बाई. तीच तर सगळ्यांची तक्रार आहे."

"पर्यायांच्या प्रश्नांना काय लिहिलंस?"

"तीन नंबर. वरपासून खालपर्यंत सरळ. एकाच ओळीत काळे ठिपके, दिसायलाही बरं दिसतं. मग डोकं टेकून झोपलो."

"प्रश्न वाचलेस तरी?"

"पाच पाच पर्याय कोण वाचणार? सगळे सारखेच दिसतात. वाचता वाचता बरोबर असलेलंही चूक वाटायला लागतं. त्यापेक्षा झोप बरी."

"आणि उदेगीचं मात्र बरोबर उत्तर लिहिलंस. झोपेत सुचलं?"

हुइचानचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "त्याला पर्याय नव्हते ना. सरळ विचारलं होतं, मी सरळ सांगितलं. माझं आजोळ आहे उल्लुंगदोला. बर्फ पडला की दार उघडत नाही. उदेगी नसेल तर स्वयंपाकघरात जाता येत नाही आणि उपाशी मरायची पाळी येते. एवढंच लिहिलं."

मी गुक बाईंकडे पाहिलं. खरं होतं. त्याच्या कागदावर तेवढंच होतं.

"आणि माकुळं?" गुक बाईंनी सहज विचारलं. "ती मासळी त्या भिंतीआड सुकवतात ना?"

हुइचान इतका मोठ्याने हसला की वाचणारी पोरं माना वर करून बघायला लागली. "भिंतीआड? कुजतील की! माकुळं उघड्यावर टांगतात, त्यांना ऊन पाहिजे, वारा पाहिजे. कोणी सांगितलं तुम्हाला हे? असलं डोक्यात तरी कसं येतं माणसाच्या?"

"तोच तर प्रश्न आहे," गुक बाई म्हणाल्या.

जाता जाता तो दारात थांबला. "बाई, चेरिनने काही केलेलं नाही. ती लिहीत नाही ते वेगळ्या कारणाने. मागच्या सत्रात तिने एका उत्तरात लिहिलं होतं की जुनी घरं दक्षिणेकडे तोंड करून असतात, कारण थंडीत सूर्य एवढा एकच पाहुणा न बोलावता येतो. बान सरांनी वर्गात वाचून दाखवलं. नाटकातल्यासारखं, हातवारे करून. सगळे हसले. तेव्हापासून तिला सगळे 'कवयित्री' म्हणतात."

"तूही हसलास?"

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "नाही. हसलो होतो."

५

दोहू गुरुवारी स्वतःहून आला, हाक मारायच्या आधीच. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पर्यायांचे ठिपके भरायचं काळं पेन आणि एक लाल पेन. आधी लालने ठिपका देऊन ठेवायचा आणि खात्री झाली की वरून काळं भरायचं, ही त्याची पद्धत. पहिल्या नंबरची पोरं चूकसुद्धा दोनदा विचारून करतात.

"तुम्ही तिघांना विचारताय असं कळलं. मला लपवण्यासारखं काही नाही."

"छान. चेस्टनट घे. बान सर फार कौतुक करत होते तुझं. उल्लुंगदोला कधी गेला होतास?"

"नाही. पुस्तकात वाचलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

"पाठ्यपुस्तकात. आणि शिकवणीच्या नोट्समध्ये."

"सफाईला गेलात तेव्हा टोपली कोणी उचलली?"

"हुइचानने. चेरिन फरशी पुसत होती, मग ती बादली भरायला गेली."

"म्हणजे खोलीत एकटा तू."

"काही क्षण," तो न डगमगता म्हणाला. "तसे आम्ही तिघेही काही क्षण एकटे होतो. शिवाय माझा पर्यायांचा एक प्रश्न चुकलाय. पेपर हातात असता तर चुकला असता का?"

मला वाटलं, बिनतोड. गुक बाई मात्र सालं गोळा करत होत्या.

"खरंय. एक सांग, दोहू. तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

 एवढा चुरूचुरू बोलणारा मुलगा, पण तोंड उघडायचा, मिटायचा. शाळेखालच्या बंदरावर बोटीचा भोंगा वाजून थांबला तरी त्याचं उत्तर येईना. मग तो कसंनुसं हसला.

"पर्याय द्या ना, बाई."

"पर्याय नाहीत."

"मग मला नाही सांगता येणार," असं म्हणून तो उठला. त्याने चेस्टनट हातात घेतला होता, पण खाल्ला नव्हता. तो टेबलावर तसाच ठेवून गेला.

"बाई, उद्या शुक्रवार," मी म्हटलं. "आपल्या हातात काय आहे? पुसलेला कागद आणि वाळलेली माकुळं!"

"पुष्कळ आहे. आता बान सरांना एकच गोष्ट विचारायची राहिली. ती त्यांनी सांगितलेली नाही, कारण त्यांना ती गोष्टच वाटत नाही."

६

शुक्रवारी सकाळी बान सर जिन्यात भेटले. घाईत होते.

"सर, खणातला खर्डा आणि छापलेला पेपर, यांत काही फरक होता?" गुक बाईंनी विचारलं.

"काही नाही. तेच प्रश्न."

"अगदी तेच?"

"हो... म्हणजे, लिहायच्या प्रश्नांचं प्रमाण कमी पडत होतं म्हणून शेवटच्या दिवशी एका प्रश्नाचं रूप बदललं. पर्याय काढून टाकले आणि खाली रेघा मारल्या. प्रश्न तोच, बाई. रूप बदलल्याने काय फरक पडतो?"

गुक बाईंनी जिन्याचा कठडा धरला. मला वाटलं, चक्कर आली. पण त्या हसत होत्या.

"कुठला प्रश्न?"

"उदेगीचा."

"खर्डा कुठे आहे?"

"उपमुख्याध्यापकांच्या कपाटात. पुरावा म्हणून सील करून."

"आणि तो कोणी वाचला नाही?"

"वाचायचं काय त्यात? पेपर तर सगळ्यांनी पाहिलाच आहे."

"प्यो," गुक बाई म्हणाल्या, "पाय उचल. आणि त्या तिघांना समितीच्या खोलीत बोलाव. तिघांनाही."

७

समितीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि तोंडं पाडून बसलेले शिक्षक. चेरिन भिंतीशी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांत. तिच्या शेजारी हुइचान, त्याच्या शेजारी दोहू. उपमुख्याध्यापकांनी घसा खाकरला. गुक बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"मी आयुष्यभर पेपर काढले," त्या म्हणाल्या. "बरोबर उत्तर कोणीही लिहितो. चुकीचे पर्याय काढायला अक्कल लागते. रात्र रात्र बसावं लागतं. त्यामुळे चुकीच्या पर्यायावर काढणाऱ्याच्या हाताची छाप असते, घरच्या लोणच्यावर सुगरणीची असते तशी. बान सर, त्या खर्ड्यात उदेगीच्या प्रश्नाचे पर्याय काय होते?"

सील फोडलं. बान सरांनी खर्डा घेतला आणि सवयीने भरदार आवाजात वाचायला सुरुवात केली. "एक, रानटी जनावरांना अडवणं. दोन, उन्हाळ्यातल्या दमट हवेपासून बचाव. तीन, बर्फात घराच्या आतल्या आत वावर. चार, शेजाऱ्यांची नजर चुकवणं. पाच, माकुळं सुकवायला..."

आवाज तिथेच विरला. त्यांनी खर्डा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"अहो सर, आपलंच पोर शेजारच्या अंगणात खेळताना दिसलं, तरी तुम्ही ओळखलं नाहीत," गुक बाई म्हणाल्या. "कौतुक केलंत. परीक्षेच्या दिवशी छापलेल्या पेपरात हे पर्याय नव्हते. खाली नुसत्या रेघा होत्या. मग ज्या कोणी विचारल्याच नाहीत त्या चार गोष्टी दोहूने खोडून काढल्या कशा? जनावरांचं एखाद्याला सुचेल. दमट हवेचंही सुचेल. पण चारही, आणि त्याच क्रमाने? आणि माकुळं? जो त्या बेटावर वाढला त्याच्या डोक्यात माकुळं आली नाहीत. मी विचारल्यावर तो हसला. जो बोटीत कधी बसला नाही त्याच्या डोक्यात मात्र आली. ती बान सरांच्या डोक्यातली माकुळं आहेत. ती खणातूनच बाहेर आली."

"पण त्याचा एक प्रश्न चुकलाय..." उपमुख्याध्यापक म्हणाले.

"ज्याला संशय नको असतो तो एक चुकवतो. खरं शिकलेली पोर कशाला चुकवेल? म्हणून तर सगळ्या पोरांत ती एकटी पडली."

कोणीही दोहूकडे बघत नव्हतं आणि सगळेच बघत होते. त्याचे कान पांढरे पडले होते. तो उठला नाही, ओरडला नाही, नाहीही म्हणाला नाही. गुक बाई उठून त्याच्यासमोर गेल्या आणि एक कोरा कागद ठेवला.

"का केलंस ते लिही. तुझ्या शब्दांत."

त्याने पेन उघडलं. कागदाकडे बघत राहिला. मग लिहिलं, आणि कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला, कारण मी सगळ्यात जवळ होते. मी वाचलं. मोठ्याने नाही, मनातल्या मनात.

'आईच्या धाकाने नाही. पहिला नंबर हवा म्हणून नाही. चेरिनवर राग म्हणून तर नाहीच. मला कोऱ्या जागेची भीती वाटते. खर्ड्यात उदेगीला पर्याय होते म्हणून मी निर्धास्त होतो. परीक्षेत पर्याय दिसले नाहीत तेव्हा मी मनातले पर्यायच लिहून काढले. तिच्यावर आळ आला तेव्हा बोलायला हवं होतं. ते कसं बोलायचं हे मला माहीत नव्हतं.'

मला त्या पोराचा संताप आला होता, आणि वाचून झाल्यावर तो कुठे ठेवावा हे कळेना. कबुलीजबाबसुद्धा त्याने चुकीचे पर्याय खोडत खोडतच लिहिला होता. सतरा वर्षांच्या मुलाला आम्ही एवढंच शिकवलं होतं.

८

दोहूला बाहेर नेलं. जे व्हायचं ते त्याचं होणारच होतं. उपमुख्याध्यापकांनी चेरिनची शिफारस कायम ठेवल्याचं घाईघाईने सांगितलं. आपण आधी काय म्हणालो होतो ते आता कोणाला आठवू नये अशी त्यांची घाई होती.

"तुम्ही तिला काही म्हणणार आहात का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, चढू दे.

त्यांनी चेरिनसमोर येऊन मान झुकवली. बरीच खाली.

बान सर मात्र अजून टेबलाशीच उभे होते. गुक बाईंनी त्यांच्या पुढ्यात चेरिनचा पुसलेला कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने वरून फिरवली. राखाडी रंगात पांढरी अक्षरं वर यायला लागली. आम्ही सगळे वाकलो. चेरिन मात्र जागची हलली नाही.

बान सरांनी कागद उचलला, सवयीप्रमाणे हातभर लांब धरला आणि तोंड उघडलं. मग त्यांची नजर चेरिनवर गेली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

सरांनी तोंड मिटलं. त्यांचा हात खाली आला.

"मागच्या सत्रात मी तुझं उत्तर वाचून दाखवलं," ते म्हणाले. हा आवाज भरदार नव्हता. "त्या उत्तरात चूक काहीच नव्हती. पूर्ण गुण द्यायला हवे होते मी. हसवायला नको होतं. चुकलंच माझं."

चेरिनने डोळे उघडले.

"आणि हे?" तिने कागदाकडे बोट केलं. "हे चुकलंय का?"

"नाही. पण पुसलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत. तसा नियम आहे."

मी आता फुटणारच होते. नियम! हा माणूस नियम सांगतोय! पण चेरिन पुढे आली, तिने सरांच्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच वाचायला लागली. 

"'बर्फ घराला बाहेरून कोंडून टाकतो, म्हणून बेटावरची माणसं आधीच भिंत बांधून अंगणाचा एक तुकडा घरात ओढून घेतात.'"

हुइचान खुर्चीत सरसावून बसला. "तसंच असतं," तो म्हणाला. "अगदी तसंच."

कोणी हसलं नाही. गुक बाईंनी पिशवीतला शेवटचा चेस्टनट सोलून तिच्या हातावर ठेवला.

"गुण नकोत, सर," चेरिन म्हणाली. "शून्यच राहू द्या. फक्त एक कोरा कागद द्या."

मी कागद दिला. सवयीने पेन्सिलही पुढे केली.

"पेन्सिल नको, बाई," ती म्हणाली. "पेन द्या. शाईचं."